डाव्या कानाची खूण

नोव्हेंबर. खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालतोय.
चुलीजवळ खुर्ची ओढून मी त्याला बसवते,
पाठमोरा, न्हाव्यापुढे बसवावं तसा,
आणि तळहातावर मलमाची पांढरी रेघ काढते.

"थंडीनं बोटं वाकडी झालीत, नेल्दा,
आणि तू उन्हाचं औषध लावतेस."
रोज तेच. रोज मी म्हणते, मान खाली.

ऊन म्हणजे उकाडा, असंच आम्ही धरून चाललो होतो.
घाम नाही, तर ऊन कसलं?
पुंता अरेनासला घाम येतो तो नाचताना,
नाहीतर तापात.
मग रेडिओवर सांगू लागले, आभाळाला भोक पडलंय.
एलिसेओ अंगणात जाऊन वर बघून आला.
म्हणाला, माझ्या घोंगडीला याहून मोठी आहेत.

चाळीस वर्षं मेंढ्यांमागे, उघड्या माळावर,
डोक्यावर लोकरीची चपटी टोपी, जिला काठच नाही.
"माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत,"
तो मला बजावायचा.
खरंय. केसांवर टोपी होती.
ऊन जाऊन बसलं कानांवर.

डाव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली,
मसुराएवढी.
निघायची, पुन्हा धरायची.
तो म्हणे, कुंपणाची तार लागली असेल.
मी दोन हिवाळे कानाडोळा केला.
हे मीच सांगायला हवं,
तो कधी बोलून दाखवत नाही.

डॉक्टर यास्नानं भिंगातून पाहिलं.
"कधीपासून आहे?"
आम्ही दोघं जमिनीकडे बघत राहिलो,
शाळेत काच फोडलेल्या पोरांसारखे.

टाके काढले त्या दिवशी त्यानं आरसा मागितला.
बराच वेळ धरून बसला.
आणि एकदम हसत सुटला, खोकला लागेपर्यंत.
"डावा कान, वरून त्रिकोणी खाच!
अगं, ही तर आमच्या मालकाच्या मेंढ्यांची खूण!"
हजारो कोकरांना त्यानं स्वतः केलेली,
गुडघ्यात दाबून, खिशातल्या सुरीनं.
"शेवटी धन्यानं मलाही कळपात मोजलं."

रात्री दिवा मालवल्यावर, बऱ्याच वेळानं,
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"त्यांना दुखत असणार गं."

त्याचे हात मात्र अजून मऊ आहेत.
कातरलेल्या लोकरीचा ओशटपणा
चाळीस वर्षं बोटांत मुरलेला.
पाय तसे नाहीत. नडग्यांवरची कातडी
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी;
टेबलाचा कोपरा नुसता घासला
तरी आठवडाभर जांभळा डाग.
आंघोळीचं पाणी आता कोमट, साबण थोडा,
अंग ओलसर असतानाच डबीतलं मलम चोळायचं.
पहिल्या दिवशी त्यानं डबी नाकाशी नेली, थबकला.
मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली:
लोकरीची चरबी.
"मग उगाच पैसे का दिलेस?" एवढंच म्हणाला,
आणि दुसरा पाय पुढे केला.

रुंद काठाची पहिली हॅट वाऱ्यानं नेली,
सरळ सामुद्रधुनीत.
दुसरीला मी माझ्या एप्रनचे बंद शिवलेत,
हनुवटीखाली गाठ.
शेजारची मिर्ता म्हणते, बाळासारखा दिसतो.
दिसू दे.
चौकात, वाऱ्याच्या महिन्यांत,
माणसांना धरायला दोर बांधतात.
एका हातानं तो दोर धरतो, दुसऱ्यानं हॅट.
माझ्यासाठी हात उरत नाही.
मी त्याचं कोपर धरते.

आता मान झाली. कानामागची वळी झाली.
बोट कडेकडेनं वर जातं, खाचेशी येतं.
तिथे कातडी नवी आहे, गुलाबी,
या घरात एवढं कोवळं दुसरं काही नाही.
मी ती खाच मलमानं भरते.

"झालं?"

नाही. हलू नकोस.
अजून उजवा कान आहे.